कोपऱ्यातलं नाव

यंदाच्या गणेशोत्सवापासून आपल्या मंडळाच्या प्रत्येक फोटोवर खालच्या कोपऱ्यात मंडळाचं नाव फिकट पांढऱ्या अक्षरांत दिसतं. ते टाकायचं काम माझ्याकडे आहे. "इतके छान फोटो, त्यावर हे कशाला चिकटवलंस?" असं आतापर्यंत तीन मावश्यांनी, एका काकांनी आणि खुद्द माझ्या बायकोने विचारून झालं आहे. उलट, "एवढंसं काय टाकलंस, दिसतसुद्धा नाही," अशीही तक्रार आहे. ती आपल्या खजिनदारांची. दोन्ही बाजूंना एकदाच उत्तर देता यावं, म्हणून हे लिहितोय.

आधी कारण सांगतो. माझी मावसबहीण लेझीम पथकात आहे. गेल्या वर्षी विसर्जनाच्या मिरवणुकीत मी तिचा एक फोटो काढला होता. नऊवारी, नथ, कपाळावर चंद्रकोर, लेझीम डोक्याच्या वर, आणि मागे आपली मांडवी. फोटो मंडळाच्या फेसबुक पानावर गेला, लोकांना आवडला, विषय संपला. दिवाळीच्या आधी मावशीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कुठून तरी फिरत फिरत एक जाहिरात आली. दुसऱ्या एका शहरातलं साडीचं दुकान, तीस टक्के सूट, आणि मधोमध आमची बहीण. मागची मांडवी कापून तिथे झेंडूची कमान लावलेली. मावशीने दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, गुगलवरून घेतलाय. गुगलवरचं फ्री असतं." चार दिवस फोनाफोनी केल्यावर जाहिरात निघाली. तोवर कॉलेजात सगळ्यांनी तिला "मॉडेलिंग कधी सुरू केलंस" म्हणून विचारून घेतलं होतं. ऐकायला गंमत वाटते, पण एकोणीस वर्षांच्या मुलीला आपला चेहरा कुठे कुठे फिरतोय हे माहीत नसणं, ही गंमत नाही. यंदाही ती पथकात होती. मिरवणूक निघण्याआधी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "दादा, सगळ्यांचा काढ. माझा एकटीचा नको."

त्यानंतरच्या कमिटीच्या बैठकीत ठरलं की मंडळाच्या सगळ्या फोटोंवर वॉटरमार्क टाकायचा. कोण टाकणार? "हा सॉफ्टवेअरवाला आहे ना." माझं रोजचं काम बँकांच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर लिहिण्याचं आहे, फोटोंशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण आपल्याकडे सॉफ्टवेअरवाला म्हणजे प्रिंटर दुरुस्त करण्यापासून पासपोर्टचा फॉर्म भरण्यापर्यंत सगळं येणारा माणूस, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

मग मी कायदा वाचला. इंजिनियरला मॅन्युअल वाचायची सवय असते, तसाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो ज्याने काढला तो त्याचा कर्ता. मात्र कुणी पैसे देऊन फोटो काढवून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिली मालकी पैसे देणाऱ्याची. म्हणजे लग्नाचे फोटो फोटोग्राफरचे नाहीत, तुमचे आहेत. हे पुष्कळांना माहीत नसतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. त्याच दुरुस्तीने आणखी एक कलम आलं. फोटोसोबत असलेली मालकीची माहिती जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढून टाकली, तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा "गुगलवरचं फ्री असतं" हे वाक्य कुठल्याही कलमात बसत नाही.

पण वाचता वाचता एक गोष्ट खटकली. मिरवणुकीतल्या त्या फोटोचे मला कुणी पैसे दिले नव्हते. फोटो मी काढला, तेव्हा कॉपीराइटच्या कायद्याने तो माझा. तिचा नाही. जाहिरातीत चेहरा तिचा वापरला गेला, कॉलेजात ऐकून तिने घेतलं, आणि या कायद्याखाली तक्रार करायचा अधिकार माझा! खासगीपणाचे हक्क वगैरे वेगळे आहेत, त्यासाठी वेगळे दरवाजे ठोठवावे लागतात. पण कोपऱ्यात आपण जे नाव टाकतो ते फक्त एवढंच सांगतं की फोटो कुणाचा आहे. फोटोत कोण आहे, त्याबद्दल ते एक अक्षर बोलत नाही. हे डोक्यात राहिलं.

वॉटरमार्क म्हणजे काय, हे आमच्या आत्याला समजावताना माझी बरीच दमछाक झाली. "पाण्याची खूण? मग पुसली जाईल की!" मूळ शब्द कागदाचा आहे. इटलीतल्या फाब्रियानो गावात तेराव्या शतकात कागद बनवणारे लगद्याच्या जाळीवर तारेची एक आकृती बसवायचे. तारेच्या जागी कागद किंचित पातळ राहायचा आणि उजेडात धरला की ती आकृती दिसायची. कुठल्या कारखान्याचा कागद ते त्यावरून कळे. शंभराची नोट दिव्यासमोर धरून आत्याला गांधीजी दाखवले, तेव्हा तिचं समाधान झालं. "असं सांग ना मग. खऱ्याखोट्याची खूण."

नाव टाकायची हौस आपल्याकडेही जुनीच आहे. तुमच्या आजोळी रविवर्मा प्रेसची लक्ष्मी किंवा सरस्वती टांगलेली असेल, तर खालच्या पट्टीत बारीक अक्षरं वाचून पाहा, छापखान्याचं नाव सापडेल. जुन्या स्टुडिओतल्या फोटोंना जाड पुठ्ठा असायचा आणि त्याच्या कोपऱ्यात शाई न वापरता दाबून उठवलेलं स्टुडिओचं नाव असायचं. बोट फिरवलं की लागतं. आपलं वडोदरं याबाबतीत मागे नव्हतं. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केलं, आणि पुढे ज्यांनी आपल्याला सिनेमा दिला ते दादासाहेब फाळके तिथेच शिकले, मग गोध्र्याला जाऊन त्यांनी फोटोग्राफीचा व्यवसाय केला. मी बीई जिथे केलं ती फॅकल्टी आजही कलाभवन म्हणूनच ओळखली जाते. चार वर्षं तिथे काढली, पण फाळक्यांचा विषय वर्गात एकदाही निघाला नाही. असो.

आता प्रत्यक्ष काम. तुमच्यापैकी अनेकांनी "आम्हालाही शिकव" म्हटलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फोटोशॉप लागत नाही. गिम्प नावाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. फोटो उघडायचा, टेक्स्ट टूलने नाव लिहायचं, रंग पांढरा. नाव आपोआप वेगळ्या लेयरवर जातं. लेयर म्हणजे फोटोवर ठेवलेली पारदर्शक काच समजा; काचेवर काहीही लिहिलं तरी खालचा फोटो तसाच असतो. त्या लेयरची ओपॅसिटी कमी करत आणायची. मी तीस-पस्तीसच्या आसपास थांबतो. आपल्याकडे पुरुषांचे पांढरे झब्बे फार, त्यावर पांढरं नाव गडप होतं. म्हणून अक्षरांमागे किंचित काळी सावली द्यायची, मग पांढऱ्या झब्ब्यावरही दिसतं आणि काळ्या चंद्रकळेवरही. नावाची लांबी फोटोच्या रुंदीच्या सहाव्या हिश्शाइतकी. आणि शेवटी सेव्ह नाही, एक्स्पोर्ट. वेगळ्या नावाने, वेगळ्या फोल्डरमध्ये. मूळ फोटोला हात लावायचा नाही, कधीच नाही. जेपेग फाइल दर वेळी बदलून पुन्हा साठवली की थोडी थोडी खराब होत जाते, आणि वॉटरमार्क असलेला फोटो हाच एकमेव उरला, तर आपणच आपल्या आठवणीवर शिक्का मारून बसलो.

एक-दोन फोटोंना हे ठीक आहे. दहा दिवसांच्या गणपतीचे नऊशे फोटो होते. तिथे इमेजमॅजिक कामाला आलं. तेही मोफत, पण त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत; काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची. एका आज्ञेत अख्खं फोल्डर. नाव कुठल्या कोपऱ्यात बसवायचं याला त्यात ग्रॅव्हिटी म्हणतात, आणि खालचा उजवा कोपरा म्हणजे साउथईस्ट. गुरुत्वाकर्षण आग्नेय दिशेला! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकटाच हसलो होतो.

इथे मराठीवाल्यांसाठी एक खास अडचण आहे. या सॉफ्टवेअरला थेट देवनागरी लिहायला सांगितलं, तर बऱ्याच संगणकांवर अक्षरं मोडतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसायची ती नंतर येते, रफार सुटून बाजूला पडतो, जोडाक्षराऐवजी पाय मोडलेलं अक्षर दिसतं. इंग्रजीत अक्षरं एकापुढे एक मांडली की झालं. देवनागरीत ती जुळवावी लागतात, आणि ते जुळवणारा भाग प्रत्येक ठिकाणी बसवलेला नसतो. खजिनदार म्हणाले, "इंग्रजीत टाक ना, काय फरक पडतो?" पडतो. दोनशे वर्षांहून जास्त काळ गुजरातेत राहून आपण घरात मराठी टिकवली, ती एका सॉफ्टवेअरच्या आळसापायी सोडायची का? उपाय सोपा आहे. नाव एकदाच गिम्पमध्ये नीट लिहून घ्यायचं, मागची बाजू पारदर्शक ठेवून पीएनजी फाइल करायची, आणि मग तेच चित्र सगळ्या फोटोंवर चिकटवायचं. फॉन्ट मी मुक्त घेतला. मुंबईच्या एक टाइपवाल्यांनी केलेला आहे, फुकट मिळतो, आणि बारीक आकारातही मात्रा-वेलांट्या स्वच्छ दिसतात.

ठरावीक जागेचा एक तोटा आहे. कोपऱ्यात असलेलं नाव सहज कापता येतं. त्या साडीवाल्याने अख्खी मांडवी कापली, तिथे आपल्या नावाची काय कथा. म्हणून काही लोक फोटोच्या छातीवरून तिरकं, मोठं नाव टाकतात. मला ते आवडत नाही. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव असावं, गाभाऱ्यात नको, एवढं साधं आहे हे.

आणि खरं सांगायचं तर मोठं टाकूनही काही थांबत नाही. २०१७ साली खुद्द गुगलच्याच संशोधकांनी एक निबंध मांडला होता. फोटो विकणाऱ्या कंपन्या आपल्या हजारो फोटोंवर एकच चिन्ह टाकतात. संगणकाला ते हजारो फोटो एकत्र दिले, तर प्रत्येक फोटो वेगळा असल्याने एकमेकांत मिसळून पुसट होतो, आणि सगळ्यांत सारखं असलेलं चिन्ह तेवढं ठळक उरतं. एकदा चिन्ह नेमकं कळलं की ते वजा करायचं, खाली मूळ फोटो! त्यांनीच उपायही सांगितला होता. नुसती जागा किंवा फिकटपणा बदलून फारसं साधत नाही, पण दर फोटोत चिन्हाचा आकारच किंचित वेडावाकडा केला, तर ते काढल्यावर ओरखडे मागे राहतात. आता तर एवढी मेहनतही लागत नाही. फोनमध्येच नको ती वस्तू पुसायची सोय आली आहे. बोट फिरवलं की खांब जातो, तारा जातात, शेजारचे काका जातात. आपलं नावही जाईल.

मग कशाला टाकतो? कुलूप चोरासाठी नसतं असं माझे आजोबा म्हणायचे, ते सज्जनासाठी असतं. त्या दुकानदारासारखी माणसं बहुतेक चोर नसतात, आळशी असतात. त्यांना फुकट आणि बिननावी काहीतरी हवं असतं. नाव दिसलं की ते पुढच्या फोटोकडे वळतात. याहून जास्त अपेक्षा मी त्या कोपऱ्याकडून ठेवत नाही. खरा उपयोग बाकीच्या तीन गोष्टींचा होतो, आणि त्या आपण सुरू केल्या आहेत. एक, पानावर टाकायचा फोटो लांब बाजूने १६०० पिक्सेलच ठेवायचा; चांगल्या छपाईला इंचाला ३०० लागतात, म्हणजे तो सव्वापाच इंचांपलीकडे नीट छापला जात नाही. (फ्लेक्सवाले तरीही छापतात. त्यांच्यापुढे कुणाचंच चालत नाही.) दोन, फोनमधल्या फोटोत तो कुठे काढला याची माहिती दडलेली असू शकते, ती काढूनच फोटो बाहेर द्यायचा, घरच्या हळदीकुंकवाच्या फोटोबरोबर घराचा पत्ता जायला नको. आणि तीन, एकट्या माणसाचा फोटो त्याला किंवा तिला विचारल्याशिवाय पानावर जाणार नाही. लहान मुलांचा असेल तर आईवडिलांना. या तिसऱ्या नियमाला सॉफ्टवेअर लागत नाही, पण वेळ सगळ्यात जास्त त्यालाच लागतो.

इथवर सगळं सरळ होतं. गुंता झाला तो जुन्या फोटोंचा.

तुम्हाला माहीत आहे की मंडळाने घरोघरचे जुने फोटो स्कॅन करायला घेतले आहेत. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, सगळीकडून अल्बम आले. कुणी पिशवीत, कुणी बिस्किटांच्या डब्यात, एका आजींनी तर जरीच्या खणात गुंडाळून आणून दिले. आतापर्यंत साडेतीनशेच्या वर झाले. बैठकीत प्रश्न आला की यांच्यावर वॉटरमार्क किती मोठा? एक सदस्य म्हणाले, "हे तर मधोमधच टाका. अशी दुर्मीळ चीज, लोक उचलून पुस्तकात छापतील." दोघातिघांनी माना डोलावल्या. आमची आत्या त्या दिवशी सहज म्हणून बैठकीला आली होती. ती कमिटीत नाही, पण तिला बोलू नका असं सांगायची हिंमत कुणात नाही. ती म्हणाली, "माझ्या आईच्या कुंकवावरून मंडळाचं नाव ओढणार तुम्ही?"

बैठक तिथेच थांबली.

मला तिचं म्हणणं भावनेपलीकडेही पटलं. गणपतीचे फोटो मंडळाने काढले, त्यावर मंडळाचं नाव ठीक. पण हे फोटो मंडळाचे नाहीत, विश्वासाने हातात दिलेले आहेत. स्कॅनर आपला म्हणून फोटो आपला होत नाही. त्यावर मंडळाचं नाव टाकणं म्हणजे शेजाऱ्याने वाचायला दिलेल्या पुस्तकावर आपलं नाव लिहिणं. शेवटी असं ठरलं की जुन्या फोटोवर काहीच टाकायचं नाही. फोटोच्या खाली पांढरी पट्टी जोडायची आणि त्या पट्टीत 'अमुक कुटुंबाच्या संग्रहातून' असं लिहायचं.

नमुना म्हणून मी आमच्याच घरचा फोटो घेतला. १९५८ चा, आत्याच्या काकांच्या लग्नातला. घरासमोर अख्खं खटलं बसवलं आहे. पुठ्ठ्यावर स्टुडिओचं दाबून उठवलेलं नाव अजून बोटाला लागतं. फोटोत २६ माणसं. मी घरी विचारलं, तर वडिलांना त्यातली ९ ओळखू आली. मला ३. सदुसष्ट वर्षांनी स्टुडिओचं नाव शाबूत आहे, आणि ज्यांनी नवे कपडे करून, श्वास धरून फोटो काढवून घेतला, त्यांची नावं निम्मीसुद्धा शिल्लक नाहीत.

नावं सांगू शकेल असं घरात एकच माणूस. आत्या तेव्हा अकरा वर्षांची होती. पुढच्या रांगेत मांडी घालून, परकर-पोलक्यात, डोळे किलकिले करून बसली आहे. एका रविवारी शेवउसळ खाऊन आम्ही दोघं बसलो. फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला होता, मोठा करत गेलं की चेहरा स्क्रीनभर होतो. आत्याने चष्मा पुसला आणि धडाधड सुरुवात केली. हा अमका, हा पुढे रेल्वेत लागला. ही इंदूरला दिली. हा फोटोनंतर दोन वर्षांत गेला, विषमज्वराने. काहींची नावं चेहऱ्यावरून नाही, कपड्यांवरून निघाली: "ही पैठणी आमच्या मोठ्या काकूची, म्हणजे ती काकूच." तासाभरात २३ झाली.

मग मी पट्टी जोडण्याआधी सवयीने तो फोटो आपल्या नेहमीच्या आज्ञेतून काढून पाहिला, आकार-माप कळावं म्हणून. नाव जाऊन बसलं आग्नेय कोपऱ्यात. आत्या म्हणाली, "अरे, हे काढ. खाली आक्का आहे."

मला तिथे कुणीच दिसलं नव्हतं. नाव काढून तो भाग मोठा केला. बाकी सगळी मंडळी ओट्यावर आणि पायऱ्यांवर. अगदी उजव्या कडेला, खाली अंगणात, खांबाच्या आडोशाला एक बाई उभी आहे. फोटो काळा-पांढरा, त्यामुळे तिचं लाल आलवण काळंच आलं आहे, सावलीत मिसळून गेलं आहे. अर्धा चेहरा आणि खांबाला धरलेला हात, एवढंच. मी मोजलेल्या २६ मध्ये ती नव्हती. ती सत्ताविसावी.

"आजीची नणंद. सोळाव्या वर्षी परत आली," आत्या म्हणाली. "लग्नाच्या फोटोत तिला कोण बसवणार? पण फोटोवाला आला म्हटल्यावर बघायला आली असेल. आम्हा मुलांना तिनेच आंघोळी घालून तयार केलं होतं त्या दिवशी." थोडं थांबून म्हणाली, "माझी वेणीही तिनेच घातली आहे, बघ."

आमच्या दिवाणखान्यात याच फोटोची मोठी प्रत फ्रेममध्ये आहे. मी उठून पाहिलं. उजवीकडून दोन बोटं कापलेली आहे; खांबही नाही, आक्काही नाही. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "फ्रेमच्या मापात बसत नव्हता म्हणून कापला असेल." असेलही.

आक्काचं नाव काय, हे आत्याला आठवेना. "आक्का म्हणजे आक्काच. नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं तिला." दोन दिवसांनी रात्री साडेदहाला तिचा फोन आला. ग्वाल्हेरच्या चुलतबहिणीला विचारून तिने नाव मिळवलं होतं. ते आता पट्टीत २७ क्रमांकासमोर आहे. इथे लिहीत नाही, कारण आत्याने बजावलंय की पानावर जायच्या आधी ग्वाल्हेरच्या घरी विचारायचं. नियम मीच केला आहे, मला बोलायला जागा नाही.

पट्टीबद्दल थोडं तांत्रिक, कारण हे तुम्ही घरीही करू शकता. नावं फाइलच्या आत माहिती म्हणूनही लिहिता येतात, एक्झिफटूल नावाचं साधन त्यासाठी उत्तम आहे, आणि आम्ही तेही करतो. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की ती आतली माहिती गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते, पण तसं कोण पाठवतं? पट्टी मात्र चित्राचाच भाग असते, फोटो कुठेही गेला तरी बरोबर जाते. कुणाला नकोच असेल तर कापेल, पण निदान कुणाच्या चेहऱ्याला धक्का लागणार नाही. माणसं खूप असतील तर सोबत फोटोची फिकट प्रत करून प्रत्येक डोक्यावर आकडा टाकावा, म्हणजे 'डावीकडून चौथा की पाचवा' हा वाद होत नाही. आणि ज्यांच्याकडे अजून कागदी फोटो आहेत त्यांनी मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नावं लिहावीत. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढून उमटतो आणि शाई खालच्या फोटोला लागते.

आमच्या फोटोतले तिघं अजून राहिले आहेत. दुसऱ्या ओळीत डावीकडून चौथे, काळी टोपी आणि गळ्यात उपरणं. त्यांच्या शेजारचा गोरा मुलगा. आणि मागच्या ओळीतली, अर्धवट हसणारी बाई. पट्टीत त्यांचे आकडे घातले आहेत आणि पुढची जागा मोकळी ठेवली आहे. फोटो मंडळाच्या कार्यालयात शनिवारी संध्याकाळी पाहायला मिळेल. घरात पंचाहत्तरीपुढचं कुणी असेल, तर त्यांना घेऊन या. जिना चढवत नसेल तर मला सांगा, लॅपटॉप घेऊन मी घरी येईन.